पगाराची संध्याकाळ

सोमवार, ८ जानेवारी

संचालकांनी सकाळी खोलीत बोलावून एक फाइल पुढे सरकवली. वर लिहिलं होतं, 'बाटली कारखाना वसाहत'. वाचून मला हसूच फुटलं. त्यांना वाटलं, काम टाळायला बघते आहे. म्हटलं, "सर, माझं अख्खं लहानपण तिथे गेलंय. दुसरी इमारत, पहिला मजला, जिन्याला लागून घर."

"मग तर उत्तमच," म्हणाले. "पण आठवणी घरी ठेवून या."

काम असं आहे. वसाहतीतल्याच काही लोकांना नगरपालिकेने पगारावर नेमलंय. कुठे भांडण शिजतंय असं दिसलं की ते पेटायच्या आत मध्ये पडायचं. त्यांना मध्यस्थ म्हणतात. चार वर्षं झाली. आता मी आकडे बघून, लोकांशी बोलून सांगायचं, की यामुळे रस्त्यावरच्या मारामाऱ्या आणि घरातली मारहाण कमी झाली का. मार्चमध्ये समितीपुढे अहवाल. त्यावर योजना चालू ठेवायची की गुंडाळायची ते ठरणार.

गुन्ह्यांच्या आकड्यांत माझी पंचवीस वर्षं गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कामाला जायच्या कल्पनेने लहान मुलीसारखं वाटतंय.

आई मटार सोलत बसली होती. तिला सांगितलं. वाटलं, आनंदाने नाचेल. ती म्हणाली, "दुसरं काही काम नव्हतं का तुमच्याकडे?" आणि पुन्हा मटारात डोकं घातलं. वय झालं की माणसाला कशाचंच अप्रूप राहत नाही.

गुरुवार, ११ जानेवारी

गेले. सगळं आहे तिथेच आहे, फक्त लहान झालंय. अंगण मला मैदानाएवढं आठवत होतं. चार मोटारी लागल्या की भरतं. धुराडं पाडलं. भोंगा वाजत नाही. तरी मधल्या नळापाशी थोडी उभी राहिले. जिन्याच्या कठड्यावर हात फिरवला. लाकूड अजून गुळगुळीत आहे. त्यात आमच्याही घसरगुंडीचा वाटा असणार.

मध्यस्थांचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं एका धिप्पाड, टकल्या माणसाने. मी संस्थेचं ओळखपत्र काढायला पर्समध्ये हात घातला, तोवर तो ओरडला, "टकळी! अगं तू टकळी ना?"

या नावाने मला हाक मारणारं जगात कुणी उरलंय असं वाटलं नव्हतं. लहानपणी माझं तोंड मिटत नसे, म्हणून टकळी. मी म्हटलं, "आणि तुम्ही?"

"तुम्ही काय तुम्ही! भोपळ्या!"

गणितात लागोपाठ भोपळे मिळवायचा म्हणून भोपळ्या. शेजारच्या बिऱ्हाडातला. माझ्याहून वर्षभराने मोठा. तोच आता मध्यस्थांचा प्रमुख. खुर्ची देता देताच म्हणाला, "आधीच सांगतो, मी आत जाऊन आलोय. तरुणपणी एकाचं डोकं फोडलं होतं. फाइलमध्ये असेलच, पण माझ्या तोंडून ऐकलेलं बरं."

मी खोलीभर बघत होते. म्हटलं, "ही मशीनवाल्या काकूंची खोली ना रे?"

"तीच. काकू गेल्या, खोली रिकामी झाली, तेव्हा मुद्दाम मागून घेतली."

"का?"

त्याने माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. मग म्हणाला, "उजेड चांगला येतो."

उजेड काही विशेष येत नाही.

रविवार, १४ जानेवारी

सुट्टी. पण डोक्यातून वसाहत जात नाही, म्हणून लिहून टाकते. अहवालात याला जागा नाही.

सगळ्यात आठवते ती पगाराची संध्याकाळ. महिन्यातून एकदा. दुपारचा भोंगा झाला की आई मला आणि धाकट्या भावाला तिसऱ्या मजल्यावर पिटाळायची. "काकूंकडे जा. मी बोलवेपर्यंत खाली यायचं नाही." इमारतीतली सगळी पोरं तिथे. काकू एकट्या राहत, कपडे शिवत. त्या दिवशी मात्र भाजलेल्या शेंगदाण्यांचं मोठं ताट मध्ये ठेवत आणि मशीन चालवायला बसत. गंमत म्हणजे सुईखाली कापड नसलं तरी पाय चालूच. खडखडखडखड! वर आम्हाला सांगायच्या, "गाणी म्हणा रे! माझ्या मशीनपेक्षा मोठ्याने म्हणेल त्याला मूठभर जास्त!" आम्ही घसा फुटेस्तोवर किंचाळायचो. भोपळ्या नेहमी जिंकायचा. गाता गाता रडायचासुद्धा, इतका तो गाण्यात रंगायचा.

आणि शेजार कसा होता! बायका एकमेकींकडे वाटी घेऊन साखर मागायला सर्रास जायच्या. एकदा मी काकूंची नजर चुकवून पाणी प्यायला घरी आले, तर आमच्याकडे चार बायका रिकाम्या वाट्या घेऊन भिंतीला टेकून बसलेल्या. आई स्टोव्हपाशी, डोक्यावरून पदर पुढे ओढलेला. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे. कुणी बोलत नव्हतं. मी म्हटलं, "सगळ्यांची साखर एकदमच कशी संपली?" तर भोपळ्याच्या आईने हसून मला कडेवर घेतलं आणि परत वर नेऊन सोडलं.

आजकाल शेजाऱ्याकडे साखर मागायची कुणाची हिंमत आहे?

बाबा आठवतात. उंच, अंगाला भट्टीचा वास. कारखान्यातून काचेच्या निळ्या गोट्या आणायचे माझ्यासाठी. मला खांद्यावर घेऊन अंगणभर फिरवायचे.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

आकडे हाती आले. रस्त्यावरच्या मारामाऱ्या आणि चाकूहल्ले मध्यस्थ आल्यापासून निम्म्याने उतरलेत. पण घरातल्या मारहाणीच्या तक्रारी जवळजवळ तिप्पट झाल्यात. आणि आम्ही तिथे राहत होतो त्या काळात? पोलिसांच्या जुन्या तक्त्यात त्या रकान्यात सरळ शून्य. वर्षामागून वर्षं शून्य. बघून मला भरूनच आलं. मला आठवतं ते खोटं नव्हतं तर.

संचालक खूश. "हाच निष्कर्ष," म्हणाले. "पगारी मध्यस्थ लोकांच्या घरात नाक खुपसतात आणि कुरबुरी वाढवतात. छापून येण्यासारखं आहे."

मसुद्यात मी लिहिलं: 'पूर्वी या वस्तीत आपुलकी आपसूक होती, तिला योजनेची गरज नव्हती. विकत घेतलेली आपुलकी तिची जागा घेऊ शकत नाही.' वाक्य चांगलं जमलंय. भोपळ्याबद्दल वाईट वाटतं. योजना बंद झाली तर त्याला या वयात कोण काम देणार? पण आकडे ते आकडे.

आईला वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दूध उतू जाईल, बघ." गॅसवर दूध नव्हतंच.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आज दमले आहे, पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

सकाळी वसाहतीत मोटरसायकल लावण्यावरून जुंपली आणि एका तरुणाच्या दंडावर चाकूचा वार झाला. मी पोचले तेव्हा भोपळ्या रुग्णालयात निघाला होता, मीही गेले. जखमीचे दोन भाऊ बाकावर बसलेले. डोळे असे, की मीच दोन पावलं मागे सरकले. धाकटा सारखा उठून दाराकडे जायचा. भोपळ्या त्याला अडवत नव्हता. तोही त्याच्याबरोबर उठायचा, दारापर्यंत जायचा आणि काहीतरी भलतंच विचारायचा. "तुझ्या मुलीच्या शाळेचं काय झालं रे? मिळाला का प्रवेश?" पोरगा चिडायचा, उत्तर द्यायचा, परत येऊन बसायचा. मध्यस्थांतली नर्सबाई (पूर्वी दवाखान्यात होती म्हणून सगळे नर्सबाईच म्हणतात) त्या भावांच्या आईला धरून बसली होती. दुपार अशीच गेली. शेवटी डॉक्टर म्हणाले, हात वाचला. धाकटा भाऊ भोपळ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. वार करणाऱ्याच्या घरावर कुणी चालून गेलं नाही.

कँटीनमध्ये चहा घेताना मी म्हटलं, "हे छान केलंस रे. पण आपल्या वेळी असं काही लागायचंच नाही. पगाराची संध्याकाळ आठवते? काकूंचं मशीन, आपली गाणी, बायका साखर मागत फिरायच्या..."

त्याने कप खाली ठेवला. "टकळे, तू थट्टा करतेस का?"

"थट्टा कसली?"

त्याने खुर्ची जवळ ओढली. मग हळू म्हणाला, "मशीन कशासाठी चालायचं, तुला माहीत नाही? अगं, खालचा आवाज आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून. माझा बाप दारू पिऊन पट्टा काढायचा. मी मोठ्याने गायचो ते काय हौसेने?"

मी म्हटलं, "तुझे बाबा... मला खरंच माहीत नव्हतं."

"माझेच नाही," तो म्हणाला. मग त्याने पुन्हा कप उचलला. "तू आईशी बोल. मी सांगणं बरोबर नाही."

बसमध्ये बसले आणि माझ्या डोळ्यांपुढे तो प्रसंग आला. चार बायका, रिकाम्या वाट्या, आईचा पुढे ओढलेला पदर. आमच्याच घरात. हेच दुसऱ्या कुणी मला मुलाखतीत सांगितलं असतं, तर मी पहिल्याच वाक्याला समासात खूण केली असती.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

दोन दिवस विचारायचं धाडस झालं नाही. आज आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर बसून एक चादर ओढली आणि विचारलं, "आई, पगाराच्या दिवशी बाबा तुला मारायचे?"

तिने घडी पूर्ण केली. "प्रत्येक पगाराला नाही," म्हणाली.

मग सांगू लागली. आवाज अगदी रोजचा. मागच्या इमारतीत एका बाईचा डोळा गेला, नवऱ्याने मारलेल्या पितळी तांब्याने. किंकाळ्या सगळ्यांनी ऐकल्या होत्या, गेलं कुणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मशीनवाल्या काकूंनी बायकांना नळावर गाठलं. म्हणाल्या, आज तिचा डोळा गेला, उद्या कुणाचा जाईल? तिथेच ठरलं. पगाराच्या दिवशी पोरं काकूंकडे. ज्या घरातून आवाज येईल, तिथे मोकळ्या असतील तेवढ्या बायकांनी वाटी घेऊन जायचं. साखर मागायची आणि बसायचं. उठायचं नाही, भांडायचं नाही, उपदेश तर अजिबात नाही. माणूस निवळेपर्यंत नुसतं बसून राहायचं.

"चार बायाबापड्या समोर बसल्यावर हात उचलायची लाज वाटते गं. सगळ्यांना वाटते असं नाही. तुझ्या बाबांना वाटायची."

"पोलिसांत का नाही गेलात?"

"घर कारखान्याचं होतं. पोलिसांत गेलं की साहेबापर्यंत जायचं, साहेबाने काढलं की घर गेलं. पोरांना घेऊन कुठे उभी राहणार होते?"

मला तो शून्याचा रकाना आठवला. त्यात माझी आई होती.

मी रडायला लागले तर तिने मला थोपटलं. वास्तविक उलट व्हायला हवं होतं. म्हणाली, "हे बघ, ते वाईट नव्हते."

"आई, पुरे!"

"पुरे काय? तुला खांद्यावर घेऊन फिरायचे ते खोटं होतं का? तुझ्या तापात रात्र रात्र उभे होते, ते? तेही खरं आणि हेही खरं. मी दोन्ही सांभाळलं, आता तूही सांभाळ. आणि तुझ्या कागदात यातलं अक्षर येता कामा नये. गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही."

मी हो म्हटलं. कसं निभावणार, माहीत नाही.

शनिवार, १७ फेब्रुवारी

सकाळी बाबांच्या फोटोपुढे उभी राहिले. काहीतरी बोलायचं होतं. राग होता. आई मागून आली, फोटोची काच फडक्याने पुसली आणि म्हणाली, "चहा गार होतोय."

बुधवार, ६ मार्च

मसुद्याचं ते सुंदर वाक्य खोडलं. त्याच्यामागचं सगळं प्रकरण खोडलं.

गेले पंधरा-वीस दिवस वसाहतीतल्या म्हाताऱ्या बायकांकडे पुन्हा गेले. पहिल्या फेरीत मी सगळ्यांना विचारलं होतं, "तेव्हा भांडणं व्हायची का?" सगळ्या म्हणाल्या होत्या, "छे, तेव्हा फार बरं होतं." या खेपेला मी एवढंच विचारलं, "तुम्ही कधी साखर मागायला गेला होतात का?"

बांध फुटावा तसं झालं. एकीने मला दारात उभं असतानाच मिठी मारली. एक हसून हसून बेजार, कारण त्यांच्याकडे इतक्या जणी आल्या होत्या, की बसायला जागा नव्हती म्हणून नवराच बाहेर जाऊन उभा राहिला. एकीने सांगितलं, "आम्हाला एकदा उशीर झाला." आणि पुढे बोललीच नाही. मी तिच्याजवळ बसून राहिले.

आत्ताच्या बायकांशीही बोलले. तक्रारी का वाढल्या, तर नर्सबाई बरोबर येते. पोलीस चौकीत शेजारी बसते, परत घरापर्यंत सोडते, चार दिवसांनी पुन्हा डोकावते. एक म्हणाली, "मारहाण नवी नाही हो बाई. सांगायला जाणं नवं आहे."

हे सगळं नावं न घेता अहवालात घातलं. आईचं अक्षरही नाही. संचालकांना पसंत नाही. "तुम्ही त्या जागेच्या प्रेमात आहात," म्हणाले.

मी म्हटलं, "आधीचा मसुदा प्रेमातून आला होता, सर. तेव्हा तुम्हाला तो चालला."

त्यांनी फाइल मिटून बाजूला ठेवली. मी घाबरलेच. पण अहवाल तसाच पाठवला.

शुक्रवार, १५ मार्च

समिती. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, कुणाचंच लक्ष धड कागदात नाही. भोपळ्या नवा शर्ट घालून कोपऱ्यात बसला होता. शाळेत निकालाच्या दिवशी बसायचा तसाच.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, तक्रारी तिप्पट झाल्या, आणि तुम्ही याला यश म्हणता?"

मी म्हटलं, "मला त्या जुन्या शून्याची भीती वाटते, साहेब. त्या शून्याच्या आत बायकांचे हात मोडत होते, डोळे जात होते. आता त्या बोलतायत. काही वर्षं हा आकडा चढेल. तो चढू द्या. त्यानंतर उतरेल तो खरा उतरलेला असेल."

"तुम्हाला कसं ठाऊक, तेव्हा मारहाण होत होती?"

आईला दिलेला शब्द जिभेवर येऊन बसला. "बायकांनी सांगितलं," मी म्हटलं. आणि पुढचा तक्ता उघडला.

निकाल संध्याकाळी कळला. एक वर्ष मुदतवाढ. पण दोन मध्यस्थ कमी करायचे. भोपळ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "भोपळा नाही ना मिळाला? मग पास." आणि लगेच काळजीत पडला, की त्या दोघांना सांगायचं कसं.

रविवार, २४ मार्च

काल आई आपणहून म्हणाली, "मला एकदा नेऊन आण तिथे." आज नेली.

जिना चढताना दर मजल्यावर थांबत होती. मला वाटलं, दम लागला. पण ती एकेका बंद दाराकडे बघून हळूच सांगत होती. इथला कडक होता, पण बायकोपुढे शेवटी वाकला. इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळा आलो. इथलीने मला पहिल्यांदा जखमेवर हळद लावली. मी तिच्या कोपराला धरून नुसती ऐकत होते. इतकी वर्षं मी टकळी, आणि बोलण्यासारखं सगळं हिच्याकडे होतं.

तिसऱ्या मजल्यावर भोपळ्या दारात उभा. एवढा आडदांड माणूस, आईला बघून पाया पडायला वाकला. आईने त्याच्या टकलावरून हात फिरवला. "केस कुठे गेले रे मेल्या? आणि जेवलास का?"

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "काकू, एकदा तुम्ही आमच्याकडे आला होतात. माझ्या बापाने पट्टा उगारलेला. तुम्ही सगळ्यांच्या पुढे होतात."

"असेन," आई म्हणाली. "तुझी आई आमच्याकडे यायची, मी तुमच्याकडे जायचे."

नर्सबाई आणि आणखी दोघीजणी खुर्च्या ओढून तिच्याभोवती बसल्या. त्यांना विचारायचं होतं, आत गेल्यावर नेमकं कुठे बसायचात, पहिलं वाक्य काय बोलायचात, तो अंगावर आला तर काय करायचात. आई सांगत होती. मध्येच हसत होती. नवरा जेवायला बसलेला असेल तर काय, मूल रडत असेल तर काय, सगळं. मला कागदात अक्षर नको म्हणून बजावणारी हीच ती. माझ्या पर्समध्ये रेकॉर्डर होता. तो तिथेच राहू दिला.

उतरताना अंगणात ती बाकावर टेकली. ऊन कलत होतं, पोरं चेंडू खेळत होती. ती त्यांच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "फार चांगले दिवस होते गं."

मला राहवलं नाही. "आई, अगं चांगले कसे? इतकं सगळं सोसलंस इथे. तुला याची आठवण तरी कशी काढवते?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी अगदी सोपं गणित चुकल्यासारखं.

"एकटी नव्हते ना," ती म्हणाली.